भूकंपानंतरचे दिवस: घाई कशाची करायची आणि कशाची नाही

प्रश्न असा आहे: मोठा धक्का होऊन दोन दिवस झाले. घर पडलेलं नाही, पण भिंतींना भेगा आहेत. वीज नाही, नळाला पाणी नाही, लहान धक्के चालूच आहेत. घरात म्हातारी माणसं आहेत, लहान मुलं आहेत. रोजचं कसं चालवायचं आणि घरात कधी परतायचं?

हे खरं तर दोन प्रश्न आहेत. पाणी, संडास, चूल आणि औषधं यांची सोय आजच्या आज लागली पाहिजे. घराच्या निर्णयाला मात्र आठवडे लागतात आणि ते लागू द्यावेत. माणसं बहुधा याच्या उलट वागतात. कपडे, कागद, दागिने काढायला भेगाळलेल्या घरात दिवसातून दहा वेळा शिरतात आणि संडासाचं मात्र ‘उद्या बघू’ म्हणतात. मोठ्या धक्क्यातून सुखरूप सुटलेली माणसं पुढच्या पंधरा दिवसांत आजारी पडतात किंवा जखमी होतात, त्यामागे बऱ्याचदा हा उलटा क्रमच असतो.

धक्के अजून किती दिवस?

पश्चात धक्क्यांचा एक ढोबळ नियम जपानी भूकंपशास्त्रज्ञ फुसाकिची ओमोरी यांनी १८९४ मध्ये मांडला आणि तो आजही वापरात आहे. धक्क्यांची संख्या काळाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पहिल्या दिवशी शंभर झाले तर दहाव्या दिवशी साधारण दहा, शंभराव्या दिवशी एखादा. यातली मेख अशी की घटते ती संख्या, जोर घटत नाही. महिन्याभरानं येणारा धक्का लहानच असेल असं नाही, तो फक्त विरळा असतो. सर्वांत मोठा पश्चात धक्का मुख्य भूकंपाहून सरासरी १.२ नं कमी असतो. म्हणजे ७.० च्या भूकंपानंतर ५.८ च्या आसपासचा एक धक्का धरूनच चालावं. आधीच खिळखिळ्या झालेल्या भिंतीला तेवढा पुरतो.

कधीकधी आपण ज्याला मुख्य धक्का समजतो तो मुख्य नसतोच. जपानमधल्या कुमामोतोत १४ एप्रिल २०१६ च्या रात्री ६.२ चा भूकंप झाला. १६ एप्रिलच्या मध्यरात्रीनंतर ७.० चा आला आणि मधल्या वेळात घरी परतलेली माणसं त्यात सापडली. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चजवळ ४ सप्टेंबर २०१० रोजी ७.१ चा भूकंप होऊनही शहर बऱ्यापैकी निभावलं होतं. साडेपाच महिन्यांनी, २२ फेब्रुवारी २०११ ला, ६.२ चाच पण शहराला अगदी लागून आणि उथळ धक्का बसला. त्यात १८५ माणसं गेली. असं क्वचित घडतं, पण भेगा पडलेल्या घरात पहिले काही दिवस झोपू नये असं सांगतात ते याचसाठी.

‘आज रात्री अडीच वाजता आठ रिश्टरचा धक्का येणार’ असे संदेश हमखास फिरतात. तारीख आणि वेळ देणारा कुठलाही संदेश खोटाच समजा. पुढच्या आठवड्यात अमुक तीव्रतेच्या धक्क्याची शक्यता किती, एवढंच शास्त्र सांगू शकतं. वेळ कोणालाच सांगता येत नाही.

गॅस आणि वीज

गॅसचा वास आला तर कुठलंच बटण दाबायचं नाही, चालू असलेलं बंदही करायचं नाही. ठिणगी दोन्ही वेळा पडते. रेग्युलेटर किंवा मुख्य कॉक बंद करा, जाता जाता दारं-खिडक्या उघडा आणि फोन बाहेर गेल्यावर लावा. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. तो जमिनीलगत, मोरीत, तळघरात साचून राहतो. उभं राहून वास आला नाही म्हणून गळती नाही असं समजू नका, खाली वाकून हुंगा. पाइपनं येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो छताखाली साचतो. वास नसेल तर सांध्यांवर आणि रबरी नळीवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे आले की गळती आहे. काडी पेटवून गळती शोधणारे महाभाग अजूनही भेटतात, म्हणून हे लिहावं लागतं. पाइपचा गॅस एकदा मुख्य कॉकपाशी बंद केला की तो कंपनीच्या माणसानंच तपासून पुन्हा सुरू करायचा.

वीज गेलेली असताना मेन स्विच बंद करून ठेवा. जपानमधल्या कोबेत १७ जानेवारी १९९५ च्या भूकंपानंतर ज्या आगींचं कारण समजलं, त्यातल्या अर्ध्याहून जास्त विजेशी संबंधित होत्या, आणि अनेक आगी पुरवठा परत सुरू झाल्यावर लागल्या. उलटलेला हीटर, कपाटाखाली चेंगरलेली वायर, इस्त्रीवर पडलेले कपडे, या सगळ्यांना करंट परत मिळतो आणि घरात कोणी नसतं. वीज आली की आधी सगळी उपकरणं प्लगमधून काढा. मेन चालू करा, मग एकेक एमसीबी, प्रत्येकानंतर दोन-तीन मिनिटं थांबून वास घ्या. एखादा एमसीबी पुन्हा पुन्हा पडत असेल तर त्या वायरिंगमध्ये दोष आहे. तो दाबून धरायचा नाही आणि बायपास तर अजिबात करायचा नाही.

पाणी

माणशी दिवसाला १५ लिटर हे आपत्तीतल्या मदतकार्यात धरलं जाणारं किमान माप आहे. त्यात पिण्याचं आणि अन्नातलं पाणी अडीच ते तीन लिटर, स्वयंपाकाला तीन ते सहा आणि अंग-हात धुण्याला दोन ते सहा. पहिल्या दिवसांत साडेसात लिटरवरही निभावतं, त्याच्या खाली आजार सुरू होतात.

घरातलंच पाणी आधी वाचवा. गच्चीवरच्या टाकीत पाणी असेल तर इमारतीत येणाऱ्या नळाचा कॉक पहिल्यांदा बंद करा. रस्त्याखाली पाण्याचा आणि मैल्याचा असे दोन्ही नळ फुटलेले असतात. पुरवठ्याचा दाब गेला की मैला पाण्याच्या नळात ओढला जातो आणि पाणी परत आलं की तो सरळ टाकीत येतो. गीझरमध्ये पंधरा-पंचवीस लिटर चांगलं पाणी असतं. त्याची वीज बंद करा, गार होऊ द्या आणि मग खालच्या बाजूनं काढा. पुरवठा सुरू झाल्यावर मात्र गीझर पूर्ण भरल्याशिवाय चालू करू नका, कोरडा जळतो. फ्लशच्या टाकीतलं पाणी धुण्याला चालेल, पिण्याला धरू नका.

विहीर किंवा बोअरचं पाणी भूकंपानंतर गढूळ होतं, पातळी वर-खाली होते, क्वचित वास बदलतो. हे घाबरण्यासारखं नाही, पण ते पाणी शुद्ध केल्याशिवाय प्यायचं नाही.

शुद्ध करण्याचा क्रम ठरलेला आहे आणि तो चुकला की मेहनत वाया जाते. आधी निवळायचं, मग गाळायचं, शेवटी जंतू मारायचे. गढूळ पाण्यात टाकलेलं क्लोरिन मातीतच खर्च होतं, जंतूंपर्यंत पोचत नाही. तुरटीचा खडा पाण्यात काही वेळा फिरवून पाणी न हलवता ठेवा. वरचं निवळ पाणी सुती फडक्याच्या चार घड्यांतून दुसऱ्या भांड्यात गाळा. त्यानंतर तीन उपाय आहेत.

इंधन असेल तर उकळा. खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरे, दोन हजार मीटरच्या वरच्या उंचीवर तीन मिनिटं. वीस वीस मिनिटं उकळत ठेवणं म्हणजे निव्वळ इंधन जाळणं.

क्लोरिन असेल तर पाच ते सहा टक्के सोडियम हायपोक्लोराइटचं, सुवास किंवा साबण न मिसळलेलं द्रावण घ्या. लिटरला दोन थेंब टाका. पाणी गाळूनही धूसर असेल तर चार थेंब. वीस लिटरच्या कॅनला चाळीस थेंब, म्हणजे दोन मिलिलिटर. ढवळा, अर्धा तास झाकून ठेवा आणि मग हुंगा. क्लोरिनचा हलका वास यायला हवा. वास नसेल तर तेवढेच थेंब पुन्हा टाकून पंधरा मिनिटं थांबा. तरीही आला नाही तर एकतर पाणी फार घाण आहे किंवा बाटली जुनी आहे. हे द्रावण वर्षभरात बरंच निकामी होतं, उन्हात ठेवलं तर त्याआधीच.

काहीच नसेल तर ऊन. दोन लिटरपर्यंतची, रंग नसलेली, लेबल काढलेली प्लास्टिकची बाटली निवळ पाण्यानं भरून कडक उन्हात सहा तास आडवी ठेवायची. ढगाळ असेल तर सलग दोन दिवस.

सामायिक विहिरीसाठी ब्लीचिंग पावडर वापरतात. पाण्याचं मोजमाप असं: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ३.१४ भागिले ४, आणि आलेल्या आकड्याला हजारानं गुणलं की लिटर. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर भरतं. ताज्या, चांगल्या पावडरीचं प्रमाण हजार लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल तर जास्त लागते. पावडर विहिरीत नुसती भिरकावू नका. बादलीत थोड्या पाण्यात कालवून लापशीसारखी करा, बादली पाऊण भरा, दहा मिनिटं ठेवा. खाली चुना बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती विहिरीत सोडा आणि वर-खाली, आजूबाजूला हलवून मिसळा. तळाचा चुना टाकून द्या, त्यानं पाणी जड होतं. तासाभरानं वापरायला हरकत नाही. तपासपट्टी असेल तर अर्ध्या तासानंतरही लिटरमागे अर्धा मिलिग्रॅम क्लोरिन उरलेलं दिसायला हवं.

आता सर्वांत मोठी चूक. पाणी निगुतीनं शुद्ध करतात आणि मग उघड्या पिंपात ठेवून पेल्यानं काढतात. पेल्यासोबत बोटं बुडतात. पिण्याचं पाणी अरुंद तोंडाच्या किंवा तोटीच्या भांड्यात ठेवा. ते नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा आणि ते जमिनीवर न ठेवता टांगा. कॅनवर खडूनं नव्हे, पुसलं न जाणाऱ्या रंगानं ‘पिण्याचं’ लिहा. तिसऱ्या दिवशी कोण काय भरतंय याचा पत्ता नसतो.

संडास

घरातला संडास शाबूत दिसतो म्हणून तो वापरण्यालायक असतो असं नाही. खालची मलवाहिनी तुटलेली असेल तर वरच्या मजल्याचा मैला तळमजल्याच्या भांड्यातून वर येतो किंवा जमिनीत मुरून जवळच्या विहिरीत जातो. तपासणी सोपी आहे. एकानं बाहेरच्या चेंबरचं झाकण उघडून उभं राहायचं, दुसऱ्यानं वरून बादलीभर पाणी ओतायचं. पाणी चेंबरमध्ये येऊन पुढे वाहून गेलं तर ठीक. आलंच नाही किंवा साचून राहिलं तर तो संडास बंद, आणि हे सगळ्या मजल्यांना सांगायचं.

मग दोन बादल्या. एक लघवीची, एक शौचाची. या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या की वास निम्म्याहून कमी होतो, कारण दुर्गंधी मुख्यतः दोन्ही मिसळल्यावर सुटते. शौचाच्या बादलीत दुहेरी पिशवी, तळाशी चार बोटं राख, लाकडाचा भुसा किंवा कोरडी माती. प्रत्येक वापरानंतर वरून मूठभर आणि झाकण. लघवीत पाणी मिसळून ती विहिरीपासून दूर झाडाझुडपात ओतता येते.

मोकळ्या मैदानावर असाल तर चर खणा. पहिल्या काही दिवसांसाठी वीतभर रुंद आणि साधारण सहा इंच खोल चर चालतो. दर वेळी उकरलेली माती लोटायची आणि पुढे सरकायचं. जागा पाण्याच्या स्रोतापासून किमान ३० मीटर दूर, उताराच्या खालच्या अंगाला. पहिल्या दिवसांत पन्नास माणसांमागे एक, मग लवकरात लवकर वीस माणसांमागे एक. बायकांसाठी पुरुषांच्या तिप्पट जागा ठेवावी असं मापदंड सांगतात आणि त्याला कारण आहे.

ते कारण कोणी उघड बोलत नाही. संडास लांब असेल, अंधार असेल, आतून कडी नसेल तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणं बंद करतात. चार दिवसांत लघवीची जळजळ सुरू होते. गरोदर बाईला आणि साखरेच्या रुग्णाला हा संसर्ग महागात पडतो. म्हणून संडासाला आतून कडी आणि वाटेवर दिवा या दोन गोष्टी तंबूच्या आधी. पाळीच्या कपड्यांसाठी आडोसा आणि ऊन दोन्ही मिळेल अशी दोरी लागते. वापरलेले पॅड गुंडाळून झाकणाच्या वेगळ्या डब्यात टाका, संडासात टाकले की चर किंवा नळ तुंबतो.

हात धुण्याची सोय संडासापासून दहा पावलांच्या आत असली तरच वापरली जाते. पाच लिटरच्या कॅनला झाकणाजवळ छोटं भोक पाडून तो आडव्या काठीवर टांगा आणि पायानं दाबायच्या काडीला दोरीनं बांधा. काडी दाबली की कॅन कलतो आणि धार येते. एका कॅनमध्ये बऱ्याच जणांचे हात होतात. साबण मोज्यात घालून शेजारी लटकवा, नाहीतर अर्ध्या तासात गायब होतो.

जुलाब सुरू झालेच तर एक लिटर शुद्ध पाणी, सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. मीठ जास्त पडलं तर लहान मुलाला अपाय होतो, म्हणून चमचा काठीनं सपाट करूनच मोजा. तयार क्षारसंजीवनीची पुडी असेल तर ती उत्तम. सहा तासांत लघवी झाली नाही, डोळे खोल गेले, मूल मरगळलं किंवा शौचात रक्त दिसलं तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा.

ढिगाऱ्याखालच्या मृतदेहांमुळे साथ पसरते ही भीती बहुतांशी निराधार आहे. साथ पसरते ती जिवंत माणसांच्या मैल्यातून. त्यामुळे घाईनं, ओळख न पटवता सामूहिक अंत्यविधी उरकण्याची गरज नसते. त्या घाईचा त्रास नातेवाइकांना वर्षानुवर्षं होतो.

उघड्यावरची रात्र आणि चूल

तंबू किंवा ताडपत्री इमारतीपासून किमान तिच्या उंचीइतक्या अंतरावर हवी. विजेच्या तारा, कंपाउंडची भिंत आणि सुटलेल्या दगडांचा उतार यांच्यापासून लांब. चार बाय सहा मीटरची ताडपत्री एका कुटुंबाला होते. मधे आडवी दोरी ताणून दोन्ही अंगांना उतार द्या. सपाट बांधली तर पहिल्या पावसात पोट धरते आणि फाटते. दोन तंबूंमध्ये दोन मीटर तरी मोकळे ठेवा, आग एकाकडून दुसऱ्याकडे पोचायला तेवढंच अंतर आडवं येतं.

शेगडी, कोळसा, जनरेटर यांपैकी काहीही बंद जागेत नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. डोकं जड होतं, झोप येते आणि माणूस उठत नाही. थंडी आहे म्हणून शेगडी तंबूत घेऊन तंबूची तोंडं बांधणं ही सर्वांत घातक सोय. जनरेटर दारं-खिडक्यांपासून सहा मीटर दूर.

गाडीत झोपणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. २००४ मध्ये जपानच्या नीगाता भागातल्या भूकंपानंतर गाड्यांमध्ये मुक्काम केलेल्या काही लोकांच्या पायांत रक्ताच्या गुठळ्या झाल्या, त्या फुप्फुसात गेल्या आणि मृत्यू झाले. पाय लोंबते ठेवून, पाणी कमी पिऊन, तासन् तास एका जागी बसणं हे त्याचं कारण. गाडीच हवी असेल तर सीट पूर्ण आडवी करा, पाय वर घ्या, दोन तासांनी उतरून चाला, पाणी तोडू नका. एका पोटरीला सूज आणि दुखणं किंवा अचानक धाप लागणं ही वाट बघायची लक्षणं नव्हेत.

फ्रिजमधलं अन्न दार न उघडता चार तास टिकतं, भरलेला फ्रीझर दोन दिवस, अर्धा भरलेला एक दिवस. त्याच क्रमानं संपवा, कोरडा शिधा शेवटी. एका वेळेपुरतंच शिजवा. काचा फुटलेल्या खोलीतलं उघडं धान्य चाळून वापरण्याचा मोह होतो, पण काचेची कणी चाळणीतून जाते. ते टाकून द्या. अंगावर पिणाऱ्या बाळाला धसक्यानं दूध आटलं म्हणून पावडरच्या दुधावर नेऊ नका. दूध थोडा वेळ उतरत नाही, आटत नाही. बाळाला वारंवार लावलं आणि आईला निवांत जागा, पाणी आणि अन्न दिलं की ते येतं. अशा परिस्थितीत बाटली उकळणं जमत नाही. वरचं दूध द्यावंच लागलं तर वाटी-चमच्यानं द्या.

औषधं आणि जखमा

रक्तदाब, साखर, फेफरं, मानसिक आजार यांची औषधं एक दिवसही तुटू देऊ नका. पाकीट सापडत नसेल तर गोळ्यांची नावं आठवून कागदावर लिहा आणि पहिल्या वैद्यकीय पथकाकडे जा. लॉस एंजेलिस परिसरात १७ जानेवारी १९९४ च्या नॉर्थरिज भूकंपाच्या दिवशी हृदयविकारानं अचानक झालेले मृत्यू रोजच्या सरासरी चार-पाचवरून २४ वर गेले होते. (कोबेचा भूकंप बरोबर एका वर्षानं, त्याच तारखेला झाला. निव्वळ योगायोग.) त्यामुळे छातीत दडपण आलं तर ‘भीतीनं होत असेल’ म्हणून सोडून देऊ नका. बहुतेक इन्सुलिन ३० अंशांच्या आत सुमारे चार आठवडे टिकतं, वेष्टनावरची सूचना बघून घ्या. बर्फ नसेल तर ते प्लास्टिकच्या पिशवीत बांधून मातीच्या भांड्यात ठेवा आणि भांड्याभोवती ओलं फडकं गुंडाळून ते सावलीत वाऱ्याला ठेवा. बर्फाला थेट चिकटवून गोठवलं तर ते वाया जातं.

जखम वाहत्या स्वच्छ पाण्यानं आणि साबणानं पाच-दहा मिनिटं धुवा. खोल किंवा मातीनं भरलेली जखम असेल आणि धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन घेऊन पाच वर्षं उलटली असतील तर पुन्हा घ्यावं लागतं. ढिगाऱ्यातून काढलेला माणूस ‘बरा आहे’ म्हणून घरी बसला असेल आणि त्याची लघवी चहासारखी काळपट झाली किंवा कमी झाली, तर चेंगरलेल्या स्नायूंचा विषारी अंश मूत्रपिंडावर आला आहे. त्याला तासाभरात रुग्णालयात न्या.

राडारोडा उपसताना आधी पाणी मारा, एन-९५ मास्क, जाड तळाचे बूट आणि हातमोजे घाला. सिमेंटचे जुने पत्रे फोडू नका, त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते ओले करून अखंड उचला.

घर

आधी बाहेरून, दिवसा, पूर्ण फेरी मारून बघा. इमारत कललेली आहे का? ओळंबा सोडून बघा, डोळा फसतो. गच्चीवरची टाकी, कठडा, चिमणी जागच्या जागी आहेत का? तळमजल्यावर फक्त खांबांवरचं पार्किंग असेल तर ते खांब सर्वांत आधी तपासा. बहुमजली इमारतीत सगळा ताण तिथे येतो.

सिमेंट काँक्रीटच्या सांगाड्याच्या इमारतीत भिंत आणि कॉलम किंवा भिंत आणि बीम यांच्या सांध्यावर सरळ रेषेत जाणारी बारीक चीर बहुधा गंभीर नसते. वीट आणि काँक्रीट वेगवेगळी हलतात म्हणून ती पडते. कॉलमवरच तिरकी किंवा फुलीसारखी भेग, काँक्रीटचा टवका उडून दिसणारी सळई, आणि त्याहून वाईट म्हणजे वाकलेली सळई, यांतलं एकही दिसलं तर आत जायचंच नाही. भिंतींवरच उभ्या असलेल्या घरात कोपरे सुटलेत का, दोन खिडक्यांमधल्या भागात फुलीसारख्या भेगा आहेत का, तुळया भिंतीवरून सरकल्यात का, हे पाहायचं. दगडमातीच्या भिंतीला भेग नसली तरी पोट आलेलं असतं. आतला आणि बाहेरचा पदर एकमेकांपासून सुटतो, आणि असं पोट आलेली भिंत पुढच्या लहान धक्क्यात कोसळते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात जीवघेणं ठरलं ते हेच: जाड दगडमातीच्या भिंती आणि वर जड माळवद.

भेग चालती आहे की थांबलेली, हे कळायला तिच्या दोन्ही टोकांना पेन्सिलनं आडवी रेघ मारून तारीख-वेळ लिहा. रुंदी तीन ठिकाणी मोजून ठेवा. भेगेवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंना पक्की चिकटवली तर हालचाल झाल्यावर ती तडकते. प्रत्येक जाणवलेल्या धक्क्यानंतर पुन्हा बघा. फोटो काढताना शेजारी पट्टी धरा. नुसत्या भेगेचा फोटो कोणालाच काही सांगत नाही.

गवंडी बोलावून गिलावा करून घेण्याची घाई ही या काळातली सर्वांत महाग चूक. भेग झाकली की अभियंत्याला ती दिसत नाही, पंचनाम्यात येत नाही आणि भिंत तर तेवढीच कमकुवत राहते. अनेक देशांत तपासणीनंतर इमारतीवर हिरवं, पिवळं किंवा लाल पत्रक लावतात. हिरवं म्हणजे तपासलं त्या दिवशी राहायला योग्य. नंतर मोठा धक्का झाला तर ते पत्रक जुनं झालं, तपासणी पुन्हा. पिवळं म्हणजे सांगितलेल्या भागातच किंवा ठरावीक वेळेपुरतंच. लाल म्हणजे दागिने आत राहिले असले तरी नाही.

सामान काढायला जाण्याची परवानगी असेल तर यादी बाहेरच करा. एकानं हेल्मेट-बूट घालून आत जायचं, एकानं बाहेर थांबायचं, दहा मिनिटांत परत. लिफ्ट नाही. कपाट उघडताना बाजूला उभे राहा, आतलं सगळं दाराला टेकलेलं असतं. अडकलेलं दार जोरानं उघडू नका. कधीकधी त्याच चौकटीवर वरचा भार आलेला असतो.

परत आत झोपताना

घर योग्य ठरलं तरी पहिले काही आठवडे झोपेची जागा बदला. खिडकीपासून आणि उंच कपाटापासून लांब, उशाशी भिंतीवर काही टांगलेलं नको. बूट आणि टॉर्च पिशवीत घालून पलंगाच्या पायाला बांधा. नुसतं शेजारी ठेवलं तर धक्क्यात ते खोलीभर जातं आणि अनवाणी पाय काचेवर पडतो. धक्का आला तर जिन्याकडे धावू नका. पलंगावरच पालथं होऊन उशीनं डोकं झाका किंवा टेबलाखाली जा, टेबलाचा पाय धरून ठेवा.

काही दिवस जमीन हलतेय असं सारखं वाटेल. जपानीत याला भूकंपाची नशा अशा अर्थाचा शब्द आहे. आतल्या कानाचा तोल आणि सतर्क मन, दोन्ही मिळून हा भास घडवतात. पाण्यानं अर्धी भरलेली पारदर्शक बाटली उशाशी ठेवा. पाणी हलत नसेल तर जमीन स्थिर आहे. मुलांनाही हेच शिकवा, त्यांना स्वतः बघून खात्री करता आली की रात्रीचं रडणं कमी होतं. अंथरूण ओलं करणं, आईला न सोडणं, खेळात घरं पाडत बसणं हे काही आठवडे चालतं, त्यावर रागावू नका. जेवण, अंघोळ, झोप यांच्या वेळा तंबूतही पाळा. बातम्या दिवसातून दोनदाच, आणि मुलांसमोर ढिगाऱ्याची दृश्यं नकोत.

मोठ्यांना ‘काय काय झालं ते सगळं सांग’ म्हणून खोदू नका. बोलावंसं वाटलं तर ऐका. जबरदस्तीनं उगाळून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. झोप न लागणं, दचकणं, चिडचिड हे बहुतेकांचं महिन्याभरात ओसरतं. चार आठवड्यांनंतरही झोप नाही, कामात पाऊल पडत नाही, दारू वाढलीय किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं कानावर येतंय, तर तिथून पुढे मानसोपचार तज्ज्ञाकडे न्यायचं. जगण्याबद्दलचं तसं बोलणं चार आठवड्यांच्या आत ऐकू आलं तर त्याच दिवशी, आणि तोवर त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.